जावळापुरती मांडी

मला मांडी आहे, तीही एक नाही, दोन, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत कंबर आणि गुडघा यांच्या मधे जी जागा असते तिच्यावर मी लॅपटॉप ठेवायचो. लॅपटॉपची काही तक्रार नव्हती, जागेचीही नव्हती. एकूण आमचं तिघांचं बरं चाललेलं.

मग दक्षता ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी आणि एकुलती एक बहीण, खडवलीला दिलेली. तिचा आर्यन अकरा महिन्यांचा झालेला आणि त्याचं जावळ काढायचं ठरलेलं. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सासरच्या अंगणात. बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर उतरवतात, आणि मामा म्हणजे मी. आयुष्यात मला बिनविरोध मिळालेलं हे एकमेव पद. मी म्हणालो, येतो की. ताई म्हणाली, नुसतं यायचं नाहीये, बसायचंय.

बसायचंय म्हणजे कसं, हे तिच्या आजेसासूबाईंनी ठरवलेलं. जनाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचा नियम असा, की मामाने पाटावर मांडी घालून बसायचं आणि पहिल्या बटेपासून शेवटच्या आरतीपर्यंत ती मांडी मोडायची नाही. नियम उगाच नाही, त्यामागे अभ्यास आहे. साठेक वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या जावळाला त्यांचा सख्खा भाऊ मामा म्हणून बसलेला. अर्ध्यात त्याला बिडीची तलफ आली आणि तो उठला. तो मुलगा म्हणजे ताईचे सासरे परशुरामकाका. त्यांचं डोकं पंचविशीत जे मोकळं झालं ते आजतागायत तसंच आहे. जनाबाई बोलता बोलता त्या डोक्याकडे नुसता हात करतात, पुढे कुणाची वाद घालायची टाप नसते. त्या घरात ज्यांचे मामा अजिबात उठले नव्हते त्यांनाही टक्कल आहे, पण हे जनाबाईंना सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

फोन कानाला असतानाच मी डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये बसून बघितलं. उजवा पाय डाव्याखाली गेला. डावा मात्र उजव्यावर यायला तयार होईना. दोन्ही गुडघे कानांशी काहीतरी खासगी बोलायला वर आले आणि मी अगदी सावकाश, भिंतीचे स्क्रू निघालेल्या कपाटासारखा, मागे गेलो. पंखा पुसायला झालेला, हे त्यामुळे लक्षात आलं. ताईने विचारलं, कसला आवाज. मी म्हणालो, बसतोय.

इथे थोडं विनीतबद्दल सांगायला हवं. विनीत माझ्या काकाचा मुलगा, म्हणजे कायद्याने तोही मामाच. तो जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळतो आणि त्याच्या मांड्या अशा आहेत, की प्रत्येकीला वेगळं आधार कार्ड मिळावं. आर्यनच्या बारशाला मी ठाण्याच्या ऑफिसातून बाईकवर निघालेलो. कुणीतरी सांगितलं, शीळफाट्यावरून जा, मोकळा आहे. शीळफाट्यावर एक ट्रेलर रस्त्याला आडवा झालेला, त्याच्या मागे मी साडेतीन तास उभा. खडवलीला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालेलं, घुगऱ्या संपलेल्या, आणि बाळाला हातात घेऊन विनीतने काढलेला फोटो घरच्या ग्रुपचा मुख्य फोटो झालेला. तो अजून आहे. मीही त्या दिवशी एका फोटोत होतो, पण तो ट्रेलरचा होता.

तर ताई म्हणाली, "यज्ञू, या वेळी नाही जमलं ना, तर हे लोक विनीतलाच कायमचा मामा करून टाकतील. ज्याच्या मांडीवर पहिले केस पडतात, पोर त्यालाच ओळखतं म्हणतात."

मी विचारलं, असं कोण म्हणतं.

"विनीत म्हणतो."

तेव्हा प्रश्न मांडीचा नव्हता. आर्यनचा मामा कोण, एवढाच होता. माझ्याकडे एकवीस दिवस होते आणि दोन निकामी मांड्या.

पहिल्यांदा मी फिजिओथेरपीला गेलो. तिथली डॉक्टर समीक्षा माझ्याच वयाची निघाली, त्यामुळे अब्रूचं जे व्हायचं ते लवकर झालं. तिने मला आडवं केलं, आणि गॅसचा सिलिंडर भरलेला आहे की रिकामा हे बघतात तसा माझा पाय उचलून बघितला. मग विचारलं, शेवटची मांडी कधी घातलेली. मी बराच विचार केला. सहावीत, शाळेच्या वनभोजनाला. त्यानंतर वर्गात बाक, घरात डायनिंग टेबल, लग्नात बुफे, संडासात कमोड. आयुष्याने मला कुठेही खाली बसू दिलेलं नाही. ती म्हणाली, हे मी लिहून घेऊ शकत नाही.

मग तिने कोपऱ्यातला सांगाडा ओढून मला मांडी समजावून सांगितली. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत हाड. माणसाच्या उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा तेच. म्हणजे लोक मला पाच फूट आठ इंच म्हणतात त्यातले दीड फूट मी कधी लक्षातच घेतले नव्हते. या हाडाच्या पुढच्या बाजूला चार मोठे स्नायू, मागे तीन, आतल्या अंगाला पाच. एका हाडाभोवती बारा जण. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही अकराच आहेत आणि तिथेही वाकायला कुणी तयार नसतं, म्हणून मला ही रचना लगेच समजली. या बाराजणांव्यतिरिक्त एक तेरावा असतो. तो कमरेच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला येतो, मांडीवरून तिरका, खांद्यावरून जानवं यावं तसा. शरीरातला सगळ्यात लांब स्नायू. पाय दुमडून वर घ्यायचा असला की पहिली हाक त्याला जाते. आणि त्याचं नाव, समीक्षा म्हणाली, चक्क शिंप्यावरून पडलंय, कारण पूर्वी शिंपी अशीच मांडी घालून शिवत बसायचे.

तिने हे गंमत म्हणून सांगितलं. मी पत्ता म्हणून लिहून घेतलं.

ठाकुर्लीला रत्नदीप टेलर आहेत. साठीचे, शांत, तोंडात कायम दोन टाचण्या. मी दुकानात शिरून सरळ म्हणालो, मला तुम्ही बसता तसं बसायला शिकवा. त्यांनी टाचण्या काढल्या. ते उंच स्टुलावर बसलेले, पुढे मोटारीचं मशीन. म्हणाले, माझे वडील बसायचे तसे, जमिनीवर, दिवसाचे दहा तास. मी चाळीस वर्षं या स्टुलावर आहे, खाली बसलो तर मला उठवायला दोन गिऱ्हाइकं लागतात. म्हणजे ज्या धंद्याच्या नावाने जगभरचे डॉक्टर तो स्नायू ओळखतात, त्या धंद्याने तो केव्हाच सोडलेला. मला फार एकटं वाटलं. पण रिकाम्या हाताने गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी टेप काढली आणि माझ्या मांड्या मोजल्या. डावी साडेबावीस. उजवी साडेएकवीस. त्यांनी परत मोजलं, मग लहान मुलांच्या डॉक्टरने आईबापांकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, भार सगळा डाव्यावर टाकता वाटतं. कसला भार, ते मला आजही माहीत नाही. शेवटी त्यांनी एक पांढरा, भरपूर घोळाचा लेंगा शिवून द्यायचं कबूल केलं. म्हणाले, यात आतमध्ये पाय नक्की काय करताहेत हे देवालाही दिसणार नाही.

इकडे समीक्षाने एक दिवसाआड दुपारी चार वाजता व्यायामाला बोलावलेलं. त्यासाठी ऑफिसातून दोन तास सुटी हवी, सुटीसाठी सर्टिफिकेट हवं, आणि सर्टिफिकेट पोर्टलवर चढवायला हवं. पोर्टलवर शरीराच्या अवयवांची एक यादी होती: डोकं, पाठ, पोट, हात, पाय, मन. मांडी नव्हती. मी पाय निवडला. पोर्टलने विचारलं, डावा की उजवा. दोन्ही म्हणायची सोय नव्हती. मी डावा निवडला, कारण त्या बाजूला एक इंच जास्त होतं. मग कारणाचा रकाना. समीक्षाने इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं, की हे गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाहीत. रकान्यात पंधराच अक्षरं मावायची. 'अनेबल टू सिट' एवढं मावलं आणि माझी जमीन बाहेर राहिली.

दोन दिवसांनी दोन माणसं आली आणि अत्यंत सहानुभूतीने माझी खुर्ची घेऊन गेली. तिच्या जागी उभ्याने काम करायचं उंच टेबल आलं. त्याबरोबर एक पत्र, की आपल्या अडचणीची कंपनीने दखल घेतली असून योग्य ती व्यवस्था केलेली असल्याने सुटीची गरज उरलेली नाही. मी खुलासा करायला गेलो तर एचआरच्या बाई म्हणाल्या, लाज वाटून घेऊ नका. पुढच्या मासिक पत्रकात माझा फोटो आला, उभा, खाली दोन ओळी धैर्यावर. दिवसाचे आठ तास मी उभा राहायला लागलो. जेवायच्या सुटीत कँटीनमध्ये बसलो की ओळखीचे लोक कौतुकाने टाळ्या वाजवायचे, म्हणून तिथेही उभा. आठवड्याभरात माझ्या मांड्या सुक्या बोंबलासारख्या झाल्या. भिंतीला टेकवून ठेवल्या असत्या तर तशाच राहिल्या असत्या.

घरी आलो की शेजारी होतेच. आमच्या वरच्या मजल्यावर लिनो अंकल राहतात. मूळचे उत्तनचे, जन्म होडीवर गेलेला, निवृत्तीनंतर डोंबिवलीत मुलाजवळ आले आणि समुद्र नसल्यामुळे सोसायटीकडे लक्ष देतात. त्यांनी माझी अवस्था लिफ्टमध्ये बघितली आणि दोन मजले उतरेपर्यंत निदान केलं. म्हणाले, "पायाचा काय दोष नाय. होडी रिकामी असली का डुलते. वजन टाक, आपोआप बसेल."

संध्याकाळी त्यांच्या बायको पामेला आंटी नऊ किलो तांदळाची पिशवी घेऊन आल्या. आर्यनचं वजन नऊ किलो, हे त्यांनी आधी विचारून घेतलेलं. नुसती पिशवी मांडीवर घेऊन मनात माया कशी येणार, असा त्यांना प्रश्न पडलेला. म्हणून त्यांनी त्या पिशवीला नातवाचं, ब्रँडनचं, बाप्तिस्म्याचं लेसचं झबलं घातलेलं, आणि वर टोपी. टोपीच्या नाड्या हनुवटीखाली बांधलेल्या. हनुवटी नव्हती, पण बांधलेल्या.

घरातली फरशी गुळगुळीत, पाय सरकतात. क्लबहाऊससाठी लेखी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो वाचून विचारलं, हा योग धरायचा का धार्मिक कार्यक्रम. योग असेल तर किमान पाच सभासद लागतात, धार्मिक असेल तर सगळ्यांना प्रसाद. मी म्हणालो, मी एकटा आणि एक पिशवी. ते म्हणाले, पिशवी सभासद नाही. तेव्हा मी रोज सकाळी सात वाजता खाली बागेतल्या शहाबादी फरशीवर बसायला लागलो. भिंतीला पाठ, मांडीवर तांदूळ. गुडघे हळूहळू खाली यायला लागले. पाचव्या दिवशी अकरा मिनिटं झाली. येणारेजाणारे सूचना द्यायचे. एकाने तिळाचं तेल सांगितलं, एकाने मोहरीचं, एकाने सांगितलं की मांडी हा मनाचा विषय आहे, आणि उभा राहूनच निघून गेला.

सहाव्या दिवशी बाराव्या मिनिटाला त्या तेराव्या स्नायूत, त्या शिंप्याच्या, असा गोळा आला की मी एका झटक्यात उभा राहिलो. तीन आठवड्यांत मी केलेली ती सगळ्यात चपळ हालचाल. तांदूळ टोपीच्या बाजूने, डोक्यावर पडला. मी कळवळून त्याला काहीबाही बोललो, ते इथे देत नाही. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून निवृत्त शिक्षिका रमाबाई हे बघत होत्या. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याची तारीख मिळालेली नाही. त्यांना जे दिसलं ते बघून कुठल्याही जबाबदार नागरिकाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं.

तासाभरात चौकीतून एक हवालदार आला. अतिशय सभ्य माणूस. त्याने विचारलं, बाळ कुठाय. मी पिशवी दाखवली. त्याने टोपी उचलून बघितलं, आणि परत नीट घातली. मग वही काढून म्हणाला, नोंद तर करावी लागेल, वय सांगा. मी म्हणालो, मागच्या वर्षीचा आहे. पामेला आंटी मधेच म्हणाल्या, जुना तांदूळच चांगला. त्याने तेही लिहिलं. आणि लिहिण्यासाठी तो समोरच्या फरशीवर खाली बसला. गणवेशात, पट्ट्यासकट, एका हालचालीत, घडी मारल्यासारखी सपाट मांडी. मी त्या मांडीकडे इतका वेळ बघत राहिलो, की त्याने वर बघून विचारलं, अजून काही कबूल करायचंय का.

सोसायटीच्या ग्रुपवर 'सी विंगच्या यज्ञेशने बाळ आपटले' हे चारशे लोकांनी वाचलं. 'तो तांदूळ होता' हा खुलासा नऊ जणांनी वाचला, त्यातले दोन मी आणि पामेला आंटी. डोंबिवलीहून खडवलीला जायला मला दीड तास लागतो. बातमी चाळीस मिनिटांत पोचली, शीळफाट्यावरून गेली नसावी.

ताईचा फोन आला. तिने सासरचा निर्णय सांगितला. विनीतलाही बोलावलंय. तो शेजारच्या पाटावर तयारीत बसेल. मामा मीच, पण तो राखीव.

मी म्हणालो, ताई, तो तांदूळ होता.

"माहितीये रे. पण आपटलास ना." मग म्हणाली, "मला तूच पाहिजेस, यज्ञू. पण मला पोरगं पण पाहिजे."

तिचा मुद्दा बरोबर होता.

शेवटचा आठवडा मी कसा काढला ते सांगत नाही. समीक्षाला दया आली, ती सकाळी साडेसहाला क्लिनिक उघडायला लागली. पाय ताण, सोड, ताण, सोड. दिवसभर ऑफिसात उभा, संध्याकाळी परत तांदूळ. गुरुवारी मांडी बसली. खरंच बसली, दोन्ही गुडघे जमिनीपासून चार बोटं वर, वीस मिनिटं. समीक्षाने सांगाड्याशी हात मिळवला, कारण माझे हात टेकलेले. आणि शुक्रवारपासून माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. उभा असताना नाही, चालताना नाही. फक्त बसलो की. बारीक, एका लयीत, जुन्या फ्रिजसारखी थरथर. समीक्षा म्हणाली, स्नायू दमलेत, चार दिवस आराम दिला की जाईल. जावळ परवावर होतं.

रविवारी खडवलीच्या अंगणात दोन पाट मांडलेले. भोवती माणसं, समोर खुर्चीत जनाबाई. त्यांच्या गुडघ्यांमुळे खुद्द त्यांना मांडीची सूट आहे. बाजूला परशुरामकाका उन्हात उभे, डोक्यासकट. केस कापणारे काका मशीन घेऊन तयार. विनीत झुळझुळीत धोतरात आला, मला म्हणाला, टेन्शन नको घेऊ यग्या, मी आहे, आणि पाटावर असा बसला जशी फोल्डिंगची खुर्ची मिटावी. मी ताईचे यजमान जयेश भावोजी यांचा हात धरून टप्प्याटप्प्याने खाली गेलो. रत्नदीप टेलरांचा लेंगा चहूबाजूंनी फुलला आणि आतली सगळी भानगड त्याने झाकून टाकली. लोकांना एक बसलेला मामा दिसला. मला क्षणभर वाटलं, झालं.

मग थरथर सुरू झाली. मांड्यांतून ती पाटात उतरली आणि पाट फरशीवर कटकट वाजायला लागला. ताम्हनातल्या सुपाऱ्या त्या तालावर नाचू लागल्या. जनाबाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो मामा त चक्कीसारका हालतंय. पोर त्या पैलवानाकडं द्या."

आर्यनला विनीतच्या मांडीवर ठेवलं. आधीच परक्या माणसांनी बावरलेलं पोर, त्यात खाली ती मांडी. मी समीक्षाकडे शिकलोय म्हणून सांगतो, पुढचे चारही स्नायू अप्रतिम, पण त्यांच्यावर माणूस टिकत नाही. आर्यन घसरला. विनीतने त्याला वर घेतलं, तो दुसऱ्या बाजूने घसरला. विनीतने मांड्या आवळल्या, तर जे थोडंफार मऊ होतं तेही गेलं. डोक्याला गार पाण्याचा हात लागला आणि आर्यनने जो सूर लावला तो ऐकून शेजारच्या वाडीतले लोक कुंपणाशी आले. खुळखुळा झाला, परशुरामकाकांचं गाणं झालं, मोबाइल झाला. केस कापणारे काका तीनदा पुढे झाले, तीनदा मागे आले. शेवटी मशीन बंद करून म्हणाले, रडणाऱ्या डोक्याला मी हात लावत नाही, लागलंबिगलं तर. पोराचा चेहरा काळानिळा व्हायला लागलेला. मी शेजारच्या पाटावर कटकट वाजत बसलेलो आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. उठावं असं वाटलं. अडचण एवढीच, की मला उठता येत नव्हतं.

ताईने कुणाला काही विचारलं नाही. ती गर्दीतून आली, पोराला विनीतच्या हातातून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. जनाबाई काही म्हणायच्या आत म्हणाली, "हा माझा भाऊ आहे. हलला तर हलू दे."

आर्यनने एकदा मोठा श्वास घेतला, पुढची आरोळी ठोकायला. ती आलीच नाही. त्याने खाली बघितलं. मग माझ्याकडे. त्याची हनुवटी थरथरत होती, पण ती थरथर त्याची नव्हती, माझी होती. त्याला रोज झोपवायला भावोजी बाईकवर गावाला चक्कर मारून आणतात, हे मला नंतर कळलं. चार मिनिटांत त्याचे डोळे मिटले. मान माझ्या कोपरावर पडली. केस कापणारे काका हलकेच वाकले, एका हाताने डोकं उचलून धरलं आणि म्हणाले, झोपलेलं डोकं हातात राहतं, आता खालून घर हललं तरी चालेल. मशीन सुरू झालं. पहिली बट माझ्या लेंग्यावर पडली. मी थांबायचा प्रयत्न केला, निदान मशीनपुरतं तरी, तर जनाबाईंनी बोट वर केलं. "थांबवू नको बाला. हालव तसाच."

म्हणून मी हलत राहिलो. जावळ संपलं, हळद लावली, आरती झाली. बायकांनी आर्यनला नाही, मलाच ओवाळलं, कारण त्याचं तोंड माझ्या काखेत होतं. कधीतरी थरथर आपोआप थांबली. मला वाटलं, बरं वाटतंय. मग लक्षात आलं, की कमरेखाली मला काहीच वाटत नाहीये. दोन्ही पाय गेलेले. लोक म्हणाले, उठा आता मामा, पंगत वाढलीय. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. जनाबाईंना वाटलं मी पोराची झोप मोडू नये म्हणून उठत नाहीये. त्यांनी परशुरामकाकांना बोलावलं आणि सांगितलं, असा मामा असता त तुझं डोकं रायलं असतं. आता याला असाच उचला.

तर परशुरामकाका, भावोजी, केस कापणारे काका आणि विनीत या चौघांनी मला पाटासकट उचललं. मांडी तशीच, मांडीवर आर्यन, वर दोघांवर मिळून एक शाल. कुणीतरी आरतीची घंटा वाजवायला घेतली. परसातल्या पंगतीकडे आमची वरात निघाली. ताई पुढे चालत होती आणि दर दोन पावलांनी वळून बघत होती, आणि बऱ्याच वर्षांनी मी बघितलं की ती हसताना अजून लहानपणीसारखीच हसते, तोंड झाकून, फक्त आता पदराने.

कमरेखाली काही जाणवत नव्हतं, हे सांगितलंच. तरी परसाच्या दारात उजव्या मांडीवर काहीतरी ऊन ऊन पसरत गेलेलं मला स्पष्ट जाणवलं. लेंग्याला घोळ होता, त्याने बरंच शोषून घेतलं. बोललो असतो तर दहा हात पुढे आले असते. पोराला काढून घेतलं असतं, धुतलं असतं, ते जागं झालं असतं, आणि पाटावर नुसता एक ओला माणूस उरला असता.

उजव्या बाजूला विनीत होता. त्याने पाटाखाली हात बदलला, थबकला, आणि दबक्या आवाजात विचारलं, "यग्या, काही गळतंय का रे?"

मी म्हणालो, "नाही."

मामा या नात्याने बोललेलं हे माझं पहिलं खोटं. विनीतने मान डोलावली आणि पाट जरा वर उचलला.